रेल्वेमार्गाचे आधुनिकीकरण आणि त्याचे पर्यावरणीय परिणाम : मंठा-परतूर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

मंठा तालुक्यातून रेल्वे जात नाही. तालुक्यातील लोकांचे रेल्वे स्थानक म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरवरील परतूर. मुंबईला कामासाठी निघालेला मजूर असो, हैदराबादला नातलगांकडे जाणारे कुटुंब असो किंवा छत्रपती संभाजीनगरला परीक्षेसाठी जाणारा विद्यार्थी असो, प्रत्येकाला आधी परतूर गाठावे लागते. त्यामुळे 'रेल्वेचे आधुनिकीकरण' हा विषय आपल्या परिसरात गाड्यांची संख्या, वेग आणि वेळापत्रक एवढ्यापुरताच बोलला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. मराठवाड्याने रेल्वेसाठी फार वाट पाहिली आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी छत्रपती संभाजीनगर ते परभणी या सुमारे १७७ किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणास मंजुरी दिली. त्याचा अपेक्षित खर्च सुमारे २,१७९ कोटी रुपये आहे. जालना, परतूर आणि सेलू ही स्थानके याच मार्गावर आहेत. या कामाला लागणारा मुरूम आणि खडी फार लांबून आणणे परवडत नाही, ती साधारणतः वीस-तीस किलोमीटरच्या परिघातूनच येते. म्हणजे ज्या तालुक्यात रूळ नाहीत, त्या मंठ्याच्या माळरानांशीही या प्रकल्पाचा संबंध येतो. आधुनिकीकरणाचे पर्यावरणीय लाभ हवेच्या खात्यात मोजले जातात आणि ते साऱ्या देशात वाटले जातात, त्याचा भार मात्र माती आणि पाणी यांच्या खात्यात मोजक्या गावांवर पडतो. ही दोन खाती एकत्र मांडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दुहेरीकरणास विरोध करणे हा हेतू नाही. तो मार्ग व्हावा, असेच लेखकाचे मत आहे.

मार्गाचे टप्पे

हैदराबाद-मनमाड हा मार्ग निजामाच्या राजवटीत 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' या नावाने मीटर गेजमध्ये बांधला गेला. तो १९०० च्या सुमारास सुरू झाला. दख्खन तेव्हा १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळातून जात होते. त्या काळातील अभियंत्यांनी शक्य तेथे जमिनीच्या चढउताराला वळसा घालून, कमी भराव आणि कमी खोदाई करत मार्ग नेला. यात पर्यावरणाचा विचार नसून खर्चाची काटकसर होती, तरी परिणाम चांगलाच झाला. रूळांखाली लाकडी स्लीपर होते आणि इंजिने कोळशाची होती.

१९९२ मध्ये 'युनिगेज' धोरण जाहीर झाले आणि १९९० च्या दशकातच मनमाड-परभणी मार्गाचे रुंदीकरण झाले. रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटरवरून १,६७६ मिलिमीटर झाले. काँक्रीटचे स्लीपर आले. ब्रॉडगेजवर दर किलोमीटरला साधारणतः १,६६० स्लीपर लागतात. एवढे स्लीपर सागवानी लाकडाचे असते तर किती जंगल उतरले असते, याचा अंदाज करता येईल. काँक्रीटच्या स्लीपरमुळे झालेली ही वृक्षबचत आपल्याकडील चर्चेत क्वचितच येते. पुढचा टप्पा विद्युतीकरणाचा. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई 'वंदे भारत' सुरू झाली तेव्हा जालन्यापर्यंत विजेची तार पोहोचली होती. पुढे २०२५ मध्ये ती गाडी नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. दुहेरीकरण हा चौथा टप्पा आहे, आणि मातीकामाच्या दृष्टीने तो रुंदीकरणाहून मोठा ठरू शकतो. रुंदीकरणात जुना बांध बऱ्याच अंशी वापरता आला होता. दुसऱ्या मार्गासाठी मात्र नवा बांध घालावा लागतो किंवा जुना बराच रुंद करावा लागतो.

धुराचा हिशेब

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेच्या इंजिनातून स्थानकावर काहीच बाहेर पडत नाही. परतूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला हा फरक तत्काळ जाणवतो, आणि स्थानकालगतच्या वस्तीच्या आरोग्याच्या दृष्टीने तो खरा लाभ आहे. रुळांवर धावणाऱ्या चाकाला डांबरी रस्त्यावरील टायरपेक्षा घर्षणाचा अडथळा फार कमी असतो. त्यामुळे तोच माल तेवढ्याच अंतरावर नेण्यास रेल्वेला मालमोटारीच्या तुलनेत कितीतरी कमी ऊर्जा लागते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना लागणारे भंगार आणि तेथून निघणाऱ्या सळया आज मोठ्या प्रमाणावर रस्त्याने जातात. दुसरा मार्ग झाल्याने यातील काही वाहतूक जरी रुळांवर आली, तरी तो लाभ विद्युतीकरणापेक्षाही मोठा असेल. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत मालगाडी तासन्‌तास बाजूच्या रुळावर थांबते, आणि अशा बेभरवशाच्या वाहतुकीकडे व्यापारी वळत नाही. म्हणून दुहेरीकरणाला पर्यावरणाच्या बाजूनेही भक्कम समर्थन आहे.

मात्र या हिशेबात एक रकाना बहुधा रिकामा राहतो. विजेचा धूर नाहीसा होत नाही, तो वीजनिर्मिती केंद्रावर निघतो. देशातील वीज अजूनही मुख्यतः कोळशापासून तयार होते आणि दर युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मराठवाड्याला याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्राची राख आपण पाहतो. ते केंद्र २०१३ आणि २०१५ च्या टंचाईत पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हेही आपल्याला आठवत असेल. कोळशाच्या विजेला पाणीही लागते. रेल्वेने २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले असून त्यासाठी सौर आणि पवन ऊर्जेवर भर दिला आहे. ते जितके साधेल तितका हा रकाना लहान होईल.

अशा प्रकल्पांच्या मंजुरीसोबत कार्बन उत्सर्जनातील घट इतक्या कोटी झाडांच्या लागवडीइतकी आहे, असे सांगण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यात एका झाडामागे वर्षाला वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, असे साधारणतः धरले जाते. गणित म्हणून त्यात वावगे नाही. पण बांधाच्या रुंदीकरणात रेल्वेहद्दीलगतचे कडुनिंब आणि बाभळी तुटतात. त्यांची सावली, त्यांवरील सुगरणींची घरटी आणि शेळ्यांना मिळणारा पाला यांची भरपाई हवेतील कार्बनच्या आकड्याने होत नाही.

डब्यांतील जैवशौचालये ही आणखी एक सुधारणा, जिची दखल फारशी घेतली जात नाही. पूर्वी डब्यांतील मैला थेट रुळांवर पडत असे. रूळ गंजत, खडी दूषित होत असे, आणि रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनना त्या घाणीत काम करावे लागत असे. गेल्या दशकात जवळपास सर्व डब्यांत जैवशौचालये बसविली गेली.

मुरूम आणि खडी

आता दुसऱ्या खात्याकडे वळू. समजा, जुन्या बांधाची उंची सरासरी तीन मीटर आहे आणि दुसऱ्या मार्गासाठी त्याची रुंदी सात मीटरने वाढवायची आहे. एका किलोमीटरला ७ × ३ × १,००० म्हणजे २१,००० घनमीटर भराव लागेल. मोठ्या हायवात बारा घनमीटर माल मावतो असे धरले, तर एका किलोमीटरसाठी १,७५० खेपा होतात. हे उदाहरणादाखलचे गणित आहे. बांधाची उंची जागोजागी बदलते, काही ठिकाणी तर खोदाईच असते. परंतु कामाचा आवाका कळण्यास ते पुरेसे आहे. खडीचेही तसेच. काँक्रीट स्लीपरच्या मार्गाला दर मीटरला साधारणतः दोन घनमीटर खडी लागते. १७७ किलोमीटरला ती साडेतीन लाख घनमीटर होते. ही खडी कठीण बेसॉल्टची असावी लागते, म्हणजे सुरुंग, खडी क्रशर आणि शेजारच्या कपाशीच्या पानांवर बसणारी पांढरी धूळ ओघाने आलीच.

भरावासाठी आपल्या भागात मुरूमच का लागतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. येथील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणमाती असते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मे महिन्यात शेतातील भेगेत आपला हात कोपरापर्यंत जातो, तो याच गुणधर्मामुळे. अशा मातीवर रूळ स्थिर राहत नाहीत. म्हणून काळी माती काढून किंवा तिच्यावर योग्य प्रतीच्या मुरमाचा जाड थर देऊन बांध उभारावा लागतो.

हा मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. भूजलशास्त्राच्या दृष्टीने मराठवाड्यातील उथळ विहिरींचे पाणी मुख्यतः याच झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरात साठते. खालचा अखंड पाषाण फारसे पाणी धरत नाही. आपण 'पडीक माळ' म्हणून जो उंचवटा मुरमासाठी देऊन टाकतो, तो पुष्कळदा उताराखालच्या विहिरींचा साठवणथर असतो. माळाचा माथा आठ-दहा फूट खरवडला की पाऊस मुरण्याची जागा जाते आणि पाणी उघड्या खडकावरून वाहून जाते. खालच्या शेतकऱ्याची विहीर पूर्वी मार्चपर्यंत चालत असेल, ती जानेवारीतच आटते. याचा संबंध दोन वर्षांपूर्वीच्या खोदाईशी आहे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि त्याच्याकडे सिद्ध करण्यास काही पुरावाही नसतो. पाऊस कमी झाला, एवढेच कारण पुढे येते.

यावर उपाय आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच सापडतो. मंठ्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांच्या कामासाठी तलाव, नाले आणि शेततळी यांच्या खोदाईतून निघालेला मुरूम वापरला गेला आणि त्या खड्ड्यांत पाणीसाठा झाला. हा प्रयोग 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखला जातो. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यातून उतार धरता साधारणतः २,२०० घनमीटर खोदाई होते. वरील हिशेबातील एक किलोमीटर बांधासाठी अशी नऊ-दहा शेततळी पुरतील. माळ खरवडायचा की तळी खोदायची, हा निर्णय निविदेच्या अटीत एका ओळीने होऊ शकतो.

येथे दोन सावधगिरीच्या बाबी नमूद केल्या पाहिजेत. तळ्यातील वरचा गाळ आणि काळी माती बांधाला निरुपयोगी असते. ती शेतात गेली पाहिजे, आणि राज्यातील 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेचा हेतू तोच आहे. बांधाला द्यायचा तो खालचा मुरूम. दुसरे असे की, खोदाई मुरमाचा थर ओलांडून भेगाळ खडकात गेली तर तळे पाणी धरण्याऐवजी झिरपवून टाकते. पाझर तलावाला ते चालते, साठवणतळ्याला नाही. जागेची निवड भूजलशास्त्र जाणणाऱ्या व्यक्तीने केली पाहिजे, कंत्राटदाराच्या मुकादमाने नव्हे.

बांध, मोऱ्या आणि पाणी

जालना ते सेलू हा मार्ग दुधना नदीच्या खोऱ्यातून जातो. दुधनेला मिळणारे ओढे-नाले त्याला आडवे येतात. रेल्वेचा बांध हा एका अर्थाने शेकडो किलोमीटर लांबीचा मातीचा बंधारा आहे आणि मोऱ्या हीच त्याची सांडव्याची दारे. पूर्वी पावसाचे पाणी उतारावरून पसरून वाहत असे. बांधामुळे ते मोरीच्या तोंडाशी एकवटते. वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबते आणि तूर पिवळी पडते. खालच्या अंगाला पाणी वेगाने सुटून घळ पाडते. एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या शेतकऱ्यांची परस्परविरुद्ध गाऱ्हाणी असतात आणि दोन्ही खरी असतात.

दुहेरीकरणात जुन्या मोऱ्यांची लांबी वाढविली जाते, कारण बांध रुंद होतो. मोरीची लांबी वाढली की पाण्याला होणारा घर्षणाचा विरोध वाढतो, ती साफ करणे अवघड होते आणि काटेरी झुडपे, ज्वारीची धसकटे व प्लॅस्टिक अडकून ती लवकर तुंबते. तिचे तोंडही त्याच प्रमाणात मोठे केले जाते का, हा खरा प्रश्न आहे. जुन्या मोऱ्यांचा आकार त्या काळच्या पाणलोटावर ठरला होता. त्यानंतर बांधबंदिस्ती झाली, नाले सरळ व खोल झाले, रस्ते झाले, पडीक जमीन नांगराखाली आली. पावसाचे स्वरूपही बदलले. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने जी हानी झाली, ती पाहता सरासरी पावसावर बेतलेली मोरी पुरेशी मानता येणार नाही.

हा प्रश्न केवळ शेताचा नाही. २९ ऑक्टोबर २००५ रोजी आताच्या तेलंगणातील वलिगोंडा येथे वरच्या अंगाचा तलाव फुटून रेल्वेचा लहान पूल वाहून गेला आणि गाडी कोसळून शंभरांहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वरच्या अंगाच्या तलावांची नोंद ठेवण्याची पद्धत रेल्वेत जुनी आहे. परंतु गावातील पाझर तलाव, सिमेंट बंधारे आणि शेततळी गेल्या वीस वर्षांत इतकी वाढली आहेत की ती नोंद सतत अद्ययावत करावी लागेल, आणि त्यासाठी जलसंधारण विभागाची माहिती रेल्वेच्या अभियंत्यापर्यंत पोहोचावी लागेल. दोन कार्यालयांतील अंतर पुष्कळदा दोन स्थानकांतील अंतराहून अधिक असते.

फाटकांच्या जागी आलेल्या भुयारी मार्गांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली. त्यामुळे कित्येकांचे जीव वाचले, यात शंका नाही. पण बांधाखालून काढलेला भुयारी मार्ग हा त्या परिसरातील सर्वांत सखल बिंदू होतो. प्रस्तुत लेखकास गेल्या पावसाळ्यात अशाच एका ठिकाणी पाऊण तास थांबावे लागले. आत कमरेइतके पाणी, अलीकडे सोयाबीनची पोती लादलेली बैलगाडी आणि पलीकडे शाळेतून परतणाऱ्या मुली. बैलगाडीवाल्या काकांनी शेवटी बैल वळविले आणि सात-आठ किलोमीटरच्या वळशाने निघाले. जाताना ते म्हणाले, "आधी फाटकापाशी गाडी जाईस्तोवर थांबायचो. आता पाणी जाईस्तोवर थांबतो." दुसरा मार्ग झाल्यावर असा भुयारी मार्ग आणखी लांब होईल. पाण्याच्या निचऱ्यासाठी नाल्यापर्यंत चर काढणे हे त्याच्या आराखड्यातच असले पाहिजे. पावसाळ्यात पंप आणून बसविणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

अर्थात रेल्वेने मराठवाड्याला पाणी दिले आहे, हेही विसरता येणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली होती.

कायद्याची चौकट आणि मेळघाटचे उदाहरण

२००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत महामार्ग, विमानतळ आणि बंदरे आहेत, पण रेल्वेमार्ग नाहीत. त्यामुळे अशा प्रकल्पास पूर्व पर्यावरणीय मंजुरी लागत नाही आणि त्याअन्वये होणारी जनसुनावणीही होत नाही. वनजमीन किंवा अभयारण्य आडवे आले तरच वेगळी परवानगी लागते. जालना-परभणी पट्ट्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्याने तोही प्रसंग फारसा येत नाही.

जेथे तो आला, तेथे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. आपल्याच पूर्णा जंक्शनवरून निघणाऱ्या पूर्णा-अकोला-खंडवा मीटर गेज मार्गाचा अकोल्यापुढील भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होता. धूळघाटजवळ गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच मार्गावरून पलीकडे जाई. रुंदीकरणासाठी तेथील वाहतूक २०१७ च्या प्रारंभी थांबली. जुन्याच मार्गाने रुंदीकरण करावे की जंगलाला वळसा द्यावा, यावर अनेक वर्षे वाद चालला. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना पर्यायी मार्गासाठी पत्र लिहिले आणि अखेर मेळघाटबाहेरून जाणाऱ्या मार्गाचा पर्याय पुढे आला. या वळशाने अंतर आणि खर्च वाढतो, मात्र अकोट व जळगाव जामोदकडील मोठी लोकवस्ती रेल्वेशी जोडली जाते. वाघ होता म्हणून पर्याय शोधला गेला. विहिरीच्या पाण्यासाठी असा शोध घेतला जात नाही, कारण त्याची दखल घेणारी मंजुरीची पायरीच नाही.

मुरमाच्या बाबतीत एक दखलपात्र निर्णय आहे. २८ मार्च २०२० च्या अधिसूचनेने रस्ते, वाहिन्या यांसारख्या रेषीय प्रकल्पांसाठीच्या मातीउत्खननास पर्यावरणीय मंजुरीतून सरसकट सूट देण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ही सूट रद्द ठरविली. किती माती, कोठून, कोणत्या पद्धतीने याचे कोणतेही बंधन न घालता दिलेली सवलत न्यायालयास मान्य झाली नाही. ग्रामसभेत मुरमाच्या परवान्याचा विषय आला तर हे तीनच प्रश्न विचारण्याजोगे आहेत.

काम सुरू होण्यापूर्वीची नोंद

महाविद्यालयीन अध्यापकांनी या बाबतीत काय करावे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. पर्यावरणशास्त्र हा विषय पदवी स्तरावर आपण अनिवार्यपणे शिकवितो. त्याच्या प्रकल्पवह्या दरवर्षी जमा होतात. त्यांतील बहुसंख्य वह्यांत तेच ओझोनचे विवर आणि तीच छापील चित्रे असतात, हे आपण सर्व जाणतो. त्याऐवजी परतूर आणि मंठा तालुक्यांतील विद्यार्थ्यांना आपापल्या गावातील एकेक विहीर नेमून देता येईल. दोरी आणि मोजपट्टी एवढ्यावर पाण्याची पातळी मोजता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, तीच वेळ धरून मोजणी केली तर दोन्ही नोंदी ताडून पाहता येतील. रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या अर्ध्या किलोमीटरमधील आणि मुरमासाठी दिल्या जाणाऱ्या माळांच्या खालच्या उतारावरील विहिरी यासाठी प्राधान्याने घ्याव्यात. मोऱ्यांचीही तशीच नोंद करता येईल. त्यात मोरीची रुंदी, उंची, गाळ किती साचला आहे आणि सप्टेंबर २०२५ च्या पुराची खूण भिंतीवर कोठवर आहे, हे लिहावे. रुळांवर जाण्याची त्यासाठी गरज नाही आणि परवानगीवाचून जाऊही नये. नाल्याच्या पात्रातून हे दिसते.

ही नोंद काम सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवी. बांध उभा राहिल्यावर केलेल्या मोजणीला तुलनेसाठी मागचा आकडा नसतो. पावसाळा संपून विहिरी भरलेल्या असताना, ऑक्टोबरात, पहिली मोजणी घेता येईल आणि दुसरी मे महिन्यात.